मूलद्रव्यांची एन्ट्रॉपी शून्य नसते

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत गेल्या आठवड्यात रासायनिक अभिक्रियांतील एन्थाल्पी (स्थिर दाबाला होणाऱ्या उष्णतेच्या देवघेवीचा हिशेब), एन्ट्रॉपी (कणांना वावरायला असलेल्या मोकळिकीचे माप) आणि मुक्त ऊर्जा (अभिक्रियेचा कल कोणीकडे आहे ते दाखवणारी राशी) यांतील बदल कसे काढावेत, हे दाखवणारे एक सोडवलेले उदाहरण प्रसिद्ध झाले. असा रुक्ष समजला जाणारा विषय वृत्तपत्राने हाती घ्यावा याचा मला मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच त्या उदाहरणातील एका चुकीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. चूक हिशेबाची असती, बेरजेत एखादा हातचा राहिला असता, तर मी पत्र लिहिले नसते. ही चूक समजुतीची आहे, ती वर्गावर्गांतून वर्षानुवर्षे होताना मी पाहिली आहे, आणि तिच्यामुळे उत्तर नुसते चुकत नाही, तर उलटे होते.

उदाहरण अमोनियाचे होते. नायट्रोजनचा १ मोल (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या) आणि हायड्रोजनचे ३ मोल यांपासून अमोनियाचे २ मोल तयार होतात. अमोनियाची प्रमाण निर्मिती एन्थाल्पी, म्हणजे ठरवून घेतलेल्या प्रमाण स्थितीत मूलद्रव्यांपासून त्याचा १ मोल होतानाचा एन्थाल्पीतील बदल, उणे ४५.९ किलोज्यूल प्रति मोल घेऊन, आणि नायट्रोजन व हायड्रोजन ही मूलद्रव्ये असल्यामुळे त्यांची निर्मिती एन्थाल्पी शून्य धरून, अभिक्रियेच्या एन्थाल्पीतील बदल उणे ९१.८ किलोज्यूल काढला आहे. इथपर्यंत सारे बिनचूक आहे. पुढच्याच ओळीत मात्र, 'त्याचप्रमाणे' असा शब्द घालून, या दोन मूलद्रव्यांची एन्ट्रॉपीही शून्य धरली आहे. अमोनियाच्या १ मोलची प्रमाण एन्ट्रॉपी १९२.८ ज्यूल प्रति केल्विन. तिची दुप्पट करून एन्ट्रॉपीतील बदल अधिक ३८५.६ ज्यूल प्रति केल्विन आला, २९८.१५ केल्विनला मुक्त ऊर्जेतील बदल उणे २०६.८ किलोज्यूल निघाला, आणि शेवटी निष्कर्ष दिला की ही अभिक्रिया कोणत्याही तापमानाला उत्स्फूर्त, म्हणजे आपोआप घडू शकणारी, असून तापमान वाढवल्यास ती अधिकाधिक अनुकूल होते.

कोष्टकात २९८.१५ केल्विनला नायट्रोजनची प्रमाण एन्ट्रॉपी १९१.६ आणि हायड्रोजनची १३०.७ ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल अशी दिलेली असते. म्हणजे उत्पादिताची ३८५.६ आणि अभिक्रियाकारकांची १९१.६ अधिक ३९२.१, एकूण ५८३.७. वजाबाकी उणे १९८.१ येते. मुक्त ऊर्जेतील बदल मग उणे ९१.८ अधिक ५९.१, म्हणजे उणे ३२.७ किलोज्यूल. हे उत्तर दुसऱ्या वाटेनेही पडताळता येते: अमोनियाची प्रमाण निर्मिती मुक्त ऊर्जा कोष्टकात उणे १६.४ किलोज्यूल प्रति मोल आहे आणि तिची दुप्पट उणे ३२.८ होते. दशांशातला हा फरक आकडे जवळच्या आकड्यापर्यंत घेतल्याचा आहे. उणे २०६.८ मात्र कोणत्याच वाटेने येत नाही.

'त्याचप्रमाणे' या एका शब्दात सारा घोटाळा आहे. एन्थाल्पीचे शून्य आणि एन्ट्रॉपीचे शून्य ही दोन वेगळ्या जातींची शून्ये आहेत. पदार्थाची एकूण एन्थाल्पी किती, हे आपल्याला मोजता येत नाही. मोजता येतो तो फक्त तिच्यातील बदल. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजायची की पायथ्यापासून, हे जसे आधी ठरवून घ्यावे लागते, तसे रसायनशास्त्रज्ञांनी ठरवून घेतले की प्रत्येक मूलद्रव्य त्याच्या प्रमाण स्थितीत शून्य पातळीवर आहे असे मानायचे. अभिक्रियेच्या दोन्ही बाजूंना तीच मूलद्रव्ये तितक्याच संख्येने असल्यामुळे ही मानलेली पातळी वजाबाकीत आपोआप निघून जाते आणि कोणाचे नुकसान होत नाही. एन्ट्रॉपीची गोष्ट तशी नाही. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या प्रमेयातून आणि त्यावर माक्स प्लांक यांनी केलेल्या कामातून उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जा यांच्या शास्त्राचा, तिसरा नियम आला: निर्दोष स्फटिकाची एन्ट्रॉपी निरपेक्ष शून्य तापमानाला शून्य असते. त्यामुळे एन्ट्रॉपीला निसर्गाने दिलेला प्रारंभबिंदू मिळाला आणि कोणत्याही पदार्थाची एन्ट्रॉपी, केवळ बदल नव्हे, प्रत्यक्ष मोजणे शक्य झाले. एन्थाल्पीचे शून्य आपण मानलेले आहे. एन्ट्रॉपीचे शून्य निरपेक्ष शून्य तापमानाला आहे, आणि २५ अंश सेल्सिअसच्या नायट्रोजनपासून ते फार दूर आहे.

नायट्रोजनचे १९१.६ कुठून आले, हे पाहिले तर ही समजूत पक्की होते. घन नायट्रोजन निरपेक्ष शून्याजवळून हळूहळू तापवत न्यायचा. प्रत्येक टप्प्यावर त्याने शोषलेली उष्णता भागिले त्या वेळचे तापमान, अशी बेरीज करत जायची. ६३ केल्विनला तो वितळतो, ७७ केल्विनला उकळतो, आणि या मुक्कामांवर तापमान स्थिर राहून उष्णता मात्र शोषली जात असल्यामुळे एन्ट्रॉपीत एकदम उडी पडते. उकळताना १ मोल नायट्रोजनला सुमारे ५.५८ किलोज्यूल उष्णता लागते, तिला ७७.४ ने भागले की ७२ ज्यूल प्रति केल्विन. एकूण १९१.६ पैकी ७२ एवढा वाटा केवळ द्रवाचा वायू होण्याचा आहे. ज्या आकड्यासाठी कोणीतरी अतिशीत तापमानांना इतकी बारीक मोजमापे केली, तो आकडा कोष्टकात समोर असताना आपण त्याच्या जागी शून्य लिहितो, हे मला शिक्षक म्हणून फार बोचते.

न्यायाने बोलायचे तर, या चुकीला कोष्टकांचाही थोडा हातभार लागतो. एन्थाल्पी आणि मुक्त ऊर्जा या दोन रकान्यांत मूलद्रव्यांसमोर शून्य छापलेले असते आणि शेजारच्याच एन्ट्रॉपीच्या रकान्यात एकाएकी १९१.६ येते, विद्यार्थ्याला वाटते की हाच रकाना काहीतरी वेगळा आहे आणि तो घाईत सवयीच्या मागे जातो. मूलद्रव्यांना शून्य धरून हिशेब करायचाच असेल तर तोही करता येतो, पण मग अमोनियासाठी निर्मिती एन्ट्रॉपी घ्यायला हवी, म्हणजे १९२.८ मधून अर्धा मोल नायट्रोजन आणि दीड मोल हायड्रोजन यांची एन्ट्रॉपी वजा करून येणारे उणे ९९.०५. त्याची दुप्पट पुन्हा उणे १९८.१ च. पुरवणीतील उदाहरणात एका पद्धतीचा आकडा आणि दुसऱ्या पद्धतीचे शून्य असे मिश्रण झाले आहे. जलीय द्रावणातील हायड्रोजन आयनाची एन्ट्रॉपी कोष्टकात शून्य दिलेली असते, त्याकडे कोणी बोट दाखवील. तिथे मात्र खरोखरच एक पातळी मानून घेतलेली आहे, कारण एकटा आयन वेगळा काढून मोजता येत नाही. तो अपवाद आयनांपुरता आहे.

आकडेमोड सुरू करण्यापूर्वी अभिक्रियेकडे नुसते पाहिले असते तरी शंका यायला हवी होती. डावीकडे वायूचे ४ मोल आहेत, उजवीकडे २. वायूच्या कणांना वावरायला मोकळीक सर्वाधिक असते, त्यामुळे वायूचे मोल निम्मे होतात तेव्हा एन्ट्रॉपी घटणारच. ती ३८५ ने वाढली असे उत्तर आले की लेखणी खाली ठेवून मागे वळावे. माझ्या विद्यार्थ्यांना मी आकडे वापरण्याआधी फक्त चिन्हाचा अंदाज लिहायला लावत असे, आणि तो लिहायला त्यांना जितके जड जाई तितके पुढची गणिते करायला जात नसे.

एन्थाल्पीचा भाग पुरवणीत बरोबर असला तरी त्याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण तिथली पद्धत फार थोडक्यात आटोपली आहे. निर्मिती एन्थाल्पींची वजाबाकी करता येते ती जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये मांडलेल्या नियमामुळे: अभिक्रिया एका पायरीत होवो की दहा, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर एकूण उष्णता तीच. या नियमाचे महत्त्व कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत चटकन कळते. कार्बन अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये जाळला तर मोनॉक्साइडबरोबर डायऑक्साइडही होतो, त्यामुळे केवळ मोनॉक्साइड होताना किती उष्णता निघाली ते थेट मोजणे अवघड. पण कार्बन पूर्ण जळताना उणे ३९३.५ किलोज्यूल आणि मोनॉक्साइड जळून डायऑक्साइड होताना उणे २८३.० हे दोन्ही नीट मोजता येतात; त्यांची वजाबाकी उणे ११०.५, आणि न मोजलेली उष्णता हाती येते.

याच ठिकाणी दुसरा एक गोंधळ होतो. निर्मिती एन्थाल्पी वापरताना उत्पादितांमधून अभिक्रियाकारक वजा करायचे. बंध एन्थाल्पी, म्हणजे अणूंमधील बंध तोडायला लागणारी ऊर्जा, वापरताना मात्र तुटलेल्या बंधांमधून, म्हणजे अभिक्रियाकारकांच्या बाजूतून, नव्याने जुळलेले बंध वजा करायचे. दोन सूत्रे पाठ केलेला विद्यार्थी नेमके उलटे करतो, आणि याला उपाय पाठांतराचा नाही. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते आणि जुळताना ती परत मिळते, एवढे ध्यानात असले की चिन्ह आपोआप जागेवर बसते. अमोनियाचेच पाहा: नायट्रोजनचा तिहेरी बंध ९४५, हायड्रोजनचे तीन बंध प्रत्येकी ४३६, मिळून २२५३ किलोज्यूल खर्च; नायट्रोजन-हायड्रोजनचे सहा बंध प्रत्येकी ३९१, मिळून २३४६ परत; फरक उणे ९३. खऱ्या उणे ९१.८ च्या हे इतके जवळ आले याचे फार कौतुक करू नये. नायट्रोजन-हायड्रोजन बंधासाठी काही पुस्तकांत ३८८ दिलेले असते. तेवढ्याशा ३ किलोज्यूलच्या फरकाने, सहा बंध असल्यामुळे, उत्तर उणे ७५ वर येते. सरासरी बंध एन्थाल्पी ही अंदाजाची पट्टी आहे. तिच्यावरून काढलेले उत्तर दशांशापर्यंत लिहिणे बरे दिसत नाही.

आता मुक्त ऊर्जेकडे वळतो. एन्थाल्पीतील बदल वजा निरपेक्ष तापमान गुणिले एन्ट्रॉपीतील बदल, हे सूत्र पुरवणीने चौकटीत छापले आहे, पण ते असे का आहे याबद्दल एक ओळही नाही. ती असती तर कदाचित चूकही टळली असती. उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो की आपोआप घडणाऱ्या बदलात विश्वाची, म्हणजे अभिक्रियेची आणि भोवतालची मिळून, एन्ट्रॉपी वाढते. अमोनिया होताना अभिक्रियेची एन्ट्रॉपी १९८.१ ज्यूल प्रति केल्विनने घटते, हा झाला तोटा. पण त्याच वेळी ९१.८ किलोज्यूल उष्णता भोवतालात जाते, आणि तिला २९८.१५ ने भागले तर भोवतालची एन्ट्रॉपी ३०७.९ ने वाढते. दोन्ही मिळून अधिक १०९.८. या बेरजेला तापमानाने गुणून उणे चिन्ह दिले की उणे ३२.७ किलोज्यूल, म्हणजेच मुक्त ऊर्जेतील बदल. जोसाया विलार्ड गिब्ज यांनी १८७६ आणि १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधातून ही मांडणी आली, आणि तिची युक्ती इतकीच आहे की भोवतालचा हिशेब एन्थाल्पीच्या रूपाने अभिक्रियेच्याच खात्यात मांडला जातो, त्यामुळे बाहेर पाहण्याची गरज उरत नाही. हे समजलेल्या विद्यार्थ्याला तापमान एन्ट्रॉपीच्या पदाशीच का चिकटलेले आहे, हेही आपसूक कळते: तीच उष्णता थंड भोवतालात गेली तर तिथली एन्ट्रॉपी जास्त वाढते, तापलेल्या भोवतालात कमी.

एकोणिसाव्या शतकात युलियुस थॉमसेन आणि मार्सेलें बेर्थेलो यांच्यासारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांचीही अशी धारणा होती की उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रियाच आपोआप होते. अमोनियम नायट्रेट पाण्यात टाकले की ती धारणा तिथल्या तिथे मोडते. ते विरघळताना प्रति मोल सुमारे २५.७ किलोज्यूल उष्णता शोषून घेते, भांडे हाताला गार लागते, आणि तरीही ते झपाट्याने विरघळते. कारण एन्ट्रॉपीतील सुमारे १०८.७ ज्यूल प्रति केल्विनची वाढ २९८ केल्विनला ३२.४ किलोज्यूलच्या तोडीची ठरते आणि मुक्त ऊर्जेतील बदल उणे ६.७ वर येतो.

एककांबद्दल पुरवणीत काही म्हटले नाही, म्हणून लिहितो. कोष्टकांत एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये असते. १००० ने भागायचे विसरले तर काय होते, याचा एक नमुना माझ्या स्मरणात आहे. कॅल्शियम कार्बोनेट तापवून कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मिळवताना एन्थाल्पीतील बदल अधिक १७८.३ किलोज्यूल आणि एन्ट्रॉपीतील बदल अधिक १५९ ज्यूल प्रति केल्विन आहे. मुक्त ऊर्जेतील बदल ज्या तापमानाला शून्य होईल ते काढायला सांगितले असता एका विद्यार्थ्याने १७८.३ ला १५९ ने भागले आणि १.१२ केल्विन असे उत्तर दिले. त्याच्या हिशेबाने जगात चुनखडीचा एक दगड शिल्लक राहायला नको होता. उत्तराखाली त्याने दुहेरी रेघ मारली होती.

नीट भागले तर ११२१ केल्विन, म्हणजे सुमारे ८४८ अंश सेल्सिअस येते. प्रत्यक्षात चुनखडीवरील कार्बन डायऑक्साइडचा दाब १ बार व्हायला ९०० अंशांच्या जवळपास जावे लागते. हा फरक चुकीचा नव्हे, गृहीतकाचा आहे: २५ अंशांना मोजलेले एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपीतील बदल आपण ८५० अंशांनाही तेच राहतात असे धरतो. ते पुरते तसे राहत नाहीत, कारण उत्पादिते आणि अभिक्रियाकारके यांच्या उष्णताधारकता, म्हणजे तापमान एका अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णता, सारख्या नसतात. चुनखडीच्या बाबतीत हे गृहीतक पन्नासेक अंशांनी चुकवते. हजार अंशांच्या पल्ल्याला मी हे वाईट मानत नाही, पण उत्तरापाशी 'सुमारे' हा शब्द लिहायलाच हवा.

यावरून पुरवणीतील शेवटच्या निष्कर्षाकडे येतो, कारण सर्वांत मोठे नुकसान त्यात आहे. एन्ट्रॉपीतील बदलाचे चिन्ह उलटल्यामुळे तापमानाचा परिणामही उलटा झाला. उणे ९१.८ ला उणे ०.१९८१ ने भागले की ४६३ केल्विन, साधारण १९० अंश सेल्सिअस. त्यापुढे प्रमाण मुक्त ऊर्जेतील बदल धन होतो, आणि ७०० केल्विनला याच साध्या सूत्राने तो अधिक ४६.९ किलोज्यूल येतो. इथेही उष्णताधारकतेची दुरुस्ती केली तर तो ५० च्याही पुढे जातो. म्हणजे तापमान वाढवले की अमोनियाचे प्रमाण घटते. मग कारखान्यांत ही अभिक्रिया ४०० ते ५०० अंशांना का करतात, असा प्रश्न जिज्ञासू विद्यार्थी विचारतोच, आणि पुरवणीतले उत्तर वाचून त्याला वाटेल की उष्मागतिकीच तसे सांगते. ती तर नेमके विरुद्ध सांगते. फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांना याच ओढाताणीतून मार्ग काढावा लागला: कमी तापमानाला अमोनिया भरपूर मिळायला हवा पण अभिक्रिया हलतच नाही, जास्त तापमानाला ती वेगाने होते पण अमोनिया थोडा उरतो. म्हणून लोहाचा उत्प्रेरक, शेकडो पट दाब, आणि तयार झालेला अमोनिया थंड करून सतत बाजूला काढणे. १९१३ मध्ये उत्पादन सुरू झालेल्या या पद्धतीची सारी रचना त्या उणे १९८.१ मधल्या उणे चिन्हाभोवती उभी आहे, आणि आपल्या उदाहरणात तेच चिन्ह पुसले गेले.

आणखी एका गोष्टीवर थोडे थांबतो. 'मुक्त ऊर्जेतील बदल ऋण म्हणजे अभिक्रिया होते, धन म्हणजे होत नाही' हे वाक्य पुरवणीत ठळक अक्षरांत आहे. कोष्टकातून काढलेला आकडा प्रमाण स्थितीचा असतो: प्रत्येक वायू १ बार दाबाला, प्रत्येक विद्राव्य १ मोलर संहतीला. आजूबाजूची परिस्थिती क्वचितच तशी असते. पाण्याची वाफ होण्याचे उदाहरण घ्या. २५ अंशांना द्रव पाण्याची निर्मिती मुक्त ऊर्जा उणे २३७.१ आणि बाष्पाची उणे २२८.६ किलोज्यूल प्रति मोल. फरक अधिक ८.५. ठळक अक्षरांतले ते वाक्य खरे मानले तर २५ अंशांना ओले फडके कधीच वाळू नये. ते वाळते, कारण हवेतील बाष्पाचा दाब १ बार नसून त्याच्या कितीतरी खाली असतो. प्रत्यक्ष परिस्थितीसाठी प्रमाण आकड्यात आणखी एक पद मिळवावे लागते: वायू स्थिरांक ८.३१४, गुणिले तापमान, गुणिले प्रत्यक्षातील दाबांच्या भागाकाराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. हवेत बाष्प संपृक्त असेल, म्हणजे त्याचा दाब सुमारे ०.०३१७ बार असेल, तेव्हा हे पद उणे ८.५ च्या आसपास येते आणि बेरीज शून्य होते; फडके तसेच ओले राहते. आर्द्रता निम्मी असेल तर पद उणे १०.३ च्या जवळ जाते आणि प्रति मोल सुमारे १.७ किलोज्यूलने पारडे वाळण्याच्या बाजूला झुकते. चुनखडीच्या भट्टीतून कार्बन डायऑक्साइड वाहून नेला तर ती ९०० अंशांच्या खालीही विघटित होते, ते याच कारणाने.

प्रमाण आकडा मग सांगतो काय? तो समतोल कुठे आहे, म्हणजे अभिक्रिया दोन्ही दिशांना सारख्या वेगाने होऊन मिश्रण कुठे स्थिरावते, ते सांगतो. उणे ३२.७ किलोज्यूलला ८.३१४ आणि २९८.१५ यांच्या गुणाकाराने भागून चिन्ह बदलले की समतोल स्थिरांकाचा (समतोलात अभिक्रियाकारकांच्या मानाने उत्पादिते किती, ते दाखवणाऱ्या आकड्याचा) नैसर्गिक लॉगॅरिदम १३.२ मिळतो, आणि स्थिरांक पाच लाखांच्या घरात जातो. २५ अंशांना प्रत्येक ५.७ किलोज्यूलमागे समतोल स्थिरांक दहा पटींनी बदलतो, हे प्रमाण मी विद्यार्थ्यांना तोंडपाठ करायला सांगे. पुरवणीतील उणे २०६.८ वर ते लावून पाहिले तर स्थिरांक एकावर छत्तीस शून्ये एवढा होतो. मुक्त ऊर्जेत १७४ किलोज्यूलची चूक म्हणजे समतोलात तीस दशमान स्थानांची चूक. या विषयात आकडा थोडा चुकला असे म्हणण्याची सोय नसते.

आणि ऋण आकडा वेगाबद्दल काहीच सांगत नाही. हिऱ्याचे ग्रॅफाइट होताना २५ अंशांना मुक्त ऊर्जेतील बदल उणे २.९ किलोज्यूल प्रति मोल आहे, पण कोणाच्याही अंगठीतला हिरा काळा पडलेला नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या मिश्रणात पाणी होण्याचा कल प्रति मोल उणे २३७.१ इतका प्रबळ, तरी ठिणगी न पडता ते मिश्रण तसेच राहते. 'उत्स्फूर्त' या शब्दाला मराठीत तत्परतेची छटा आहे, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांची दिशाभूल अंमळ जास्तच होते. 'अनुकूल' हा शब्द वापरला तर बरे, असे माझे मत आहे.

पदार्थाची अवस्था न लिहिण्याची सवयही मोडायला हवी. पाण्याची निर्मिती एन्थाल्पी द्रवासाठी उणे २८५.८ आणि बाष्पासाठी उणे २४१.८ किलोज्यूल प्रति मोल आहे; उदाहरणात नुसते 'पाणी' लिहिले तर दोन विद्यार्थी ४४ किलोज्यूलच्या अंतरावर उभे राहतील आणि दोघांनाही आपलेच खरे वाटेल. जुन्या आणि नव्या कोष्टकांतील प्रमाण दाबही एक नाही, कारण १९८२ मध्ये तो १ वातावरणाऐवजी १ बार असा बदलण्यात आला. वायूच्या एन्ट्रॉपीत त्यामुळे पडणारा फरक प्रति मोल केवळ ०.१ ज्यूल प्रति केल्विनच्या आसपास आहे; विद्यार्थ्याने त्याची चिंता करू नये, मात्र दोन पुस्तकांतील आकडे दशांशात जुळले नाहीत म्हणून गोंधळूनही जाऊ नये.

माझी विनंती एवढीच आहे की पुढील पुरवणीत हे उदाहरण दुरुस्त करून, त्याच जागी आणि तितक्याच ठळकपणे, पुन्हा छापावे. दुरुस्तीत मूलद्रव्यांच्या एन्ट्रॉपीचे आकडे १९१.६ आणि १३०.७ असे स्पष्ट द्यावेत, एन्ट्रॉपीतील बदल उणे १९८.१ ज्यूल प्रति केल्विन आणि मुक्त ऊर्जेतील बदल उणे ३२.७ किलोज्यूल असा लिहावा, तिन्ही वायूंच्या नावापुढे त्यांची अवस्था व हिशेबाचे तापमान द्यावे, आणि तापमान वाढवल्यास अभिक्रिया अधिक अनुकूल होते हे शेवटचे वाक्य काढून टाकावे. ज्या विद्यार्थ्यांनी ते उदाहरण वहीत उतरवून घेतले आहे, त्यांच्यासाठी हे लवकर व्हावे.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक